हैतीचा राष्ट्रध्वज : इतिहास, अर्थ आणि राष्ट्रीय अस्मिता

प्रस्तावना :

राष्ट्रध्वज हे कोणत्याही स्वतंत्र राष्ट्राचे सर्वमान्य प्रतीक असते. बहुतेक देशांत ध्वजाची रचना एखाद्या समितीने अथवा घटनासभेने विचारपूर्वक निश्चित केलेली असते आणि त्यातील रंगांचे अर्थ नंतर पाठ्यपुस्तकांतून रूढ होतात. कॅरिबियन समुद्रातील हैती या राष्ट्राचा ध्वज मात्र याला अपवाद आहे. राष्ट्र अस्तित्वात येण्यापूर्वी, युद्ध चालू असतानाच, शत्रूच्या ध्वजाचा एक भाग फाडून तो तयार झाला, असे हैतीची राष्ट्रीय परंपरा सांगते. मानवी इतिहासात गुलामांच्या उठावातून स्वतंत्र राष्ट्र निर्माण झाल्याचे हे एकमेव यशस्वी उदाहरण होय. त्यामुळे हैतीच्या जनतेला आपला ध्वज केवळ राज्यसत्तेची खूण वाटत नाही. आपण मालमत्ता नसून माणसे आहोत, या घोषणेचा तो दृश्य पुरावा वाटतो.

तथापि या ध्वजाचा इतिहास सरळ नाही. निळा-लाल आणि काळा-लाल अशा दोन रूपांत तो सुमारे पावणेदोनशे वर्षे झुलत राहिला. या रंगबदलामागे हैतीच्या समाजातील वर्ण, वर्ग आणि सत्ता यांचा संघर्ष दडलेला आहे. प्रस्तुत लेखात या ध्वजाची निर्मिती, त्यातील स्थित्यंतरे, त्याचा लोकजीवनातील वावर आणि आजच्या अस्थिर परिस्थितीतील त्याचे स्थान यांचे विवेचन केले आहे. लेखात ‘तिरंगा’ हा शब्द निळा, पांढरा व लाल अशा उभ्या पट्ट्यांच्या फ्रेंच ध्वजासाठी योजला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) हैतीच्या राष्ट्रध्वजाच्या निर्मितीची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) ध्वजाच्या रंगांतील बदल आणि हैतीमधील वर्णसंघर्ष यांचा परस्परसंबंध तपासणे.
३) हैतीच्या जनतेच्या धार्मिक, सांस्कृतिक आणि स्थलांतरित जीवनातील ध्वजाचे महत्त्व स्पष्ट करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

हिस्पानिओला या बेटाचा पश्चिम भाग १६९७ च्या रिस्विक तहाने फ्रान्सकडे आला आणि सँ-दोमँग या नावाने ओळखला जाऊ लागला. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जगातील सर्वाधिक उत्पन्न देणारी वसाहत ठरली. युरोपात खपणाऱ्या साखरेचा फार मोठा हिस्सा आणि कॉफीचा निम्म्याहून अधिक हिस्सा येथून जात असे. या समृद्धीचा पाया गुलामगिरी हा होता. १७८९ च्या सुमारास वसाहतीत आफ्रिकी वंशाचे सुमारे पाच लाख गुलाम होते. गोऱ्यांची संख्या तीस ते चाळीस हजारांच्या घरात होती. या दोहोंच्या मध्ये जवळजवळ तेवढ्याच संख्येचा, बहुतांशी मिश्रवर्णीय असा, स्वतंत्र लोकांचा तिसरा वर्ग होता. या वर्गातील काही जण स्वतः जमीनदार आणि गुलामांचे मालक होते. परंतु गोऱ्यांच्या बरोबरीचे नागरी हक्क त्यांना नव्हते. ध्वजाच्या पुढील इतिहासात या तीन घटकांचा संबंध वारंवार येतो.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडील मळ्यांवर गुलामांचा मोठा उठाव झाला. १७९३ मध्ये वसाहतीत आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी सर्व फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी रद्द करण्यात आली. त्यानंतर तुसाँ लुव्हेर्त्यूर या पूर्वाश्रमीच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीय सैन्य फ्रान्सच्या तिरंग्याखालीच लढले. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मुक्त झालेल्या गुलामांच्या दृष्टीने त्या वेळी तिरंगा हा गुलामगिरी रद्द करणाऱ्या प्रजासत्ताकाचा ध्वज होता. त्याच्याविषयी त्यांना आपुलकी होती. तुसाँची १८०१ ची राज्यघटनाही वसाहतीला फ्रेंच साम्राज्यातच ठेवणारी होती.

ही आपुलकी नेपोलियनच्या धोरणाने संपुष्टात आणली. १८०२ च्या प्रारंभी सेनापती लक्लेर याच्या नेतृत्वाखाली प्रचंड फौज वसाहतीत उतरली. जून १८०२ मध्ये तुसाँला कपटाने अटक करून फ्रान्सला नेण्यात आले आणि ७ एप्रिल १८०३ रोजी जुरा पर्वतातील कारागृहात त्याचा मृत्यू झाला. दरम्यान ग्वादलूप या फ्रेंच बेटावर गुलामगिरी पुन्हा लादली गेल्याच्या वार्ता आल्या. जो ध्वज मुक्तीचा मानला होता, त्याच ध्वजाखाली पुन्हा बेड्या येत आहेत हे स्पष्ट झाले. फ्रेंच सैन्यात अधिकारी असलेले झां-झाक देसालिन आणि अलेक्सांद्र पेतियाँ ऑक्टोबर १८०२ मध्ये बंडखोरांना मिळाले. देसालिन पूर्वी गुलाम होता, तर पेतियाँ मिश्रवर्णीय स्वतंत्र वर्गातील होता. अवघ्या दोन-तीन वर्षांपूर्वीच्या यादवी युद्धात हे दोघे परस्परविरोधी पक्षांत लढले होते.

आर्काए येथील ध्वजनिर्मिती :

बंडखोर फ्रान्सविरुद्ध लढत असले तरी त्यांच्या हाती ध्वज फ्रान्सचाच होता. एकोणिसाव्या शतकातील हैतीचे इतिहासकार तोमा मादियू यांच्या परंपरेत असा वृत्तान्त येतो की, राजधानीजवळच्या मैदानातील एका चकमकीत बंडखोरांचा तिरंगा फ्रेंचांच्या हाती पडला. ‘हे लोक अजून आमचाच ध्वज मिरवतात, अर्थात त्यांना स्वातंत्र्य नको आहे,’ असा प्रचार फ्रेंचांनी त्यावरून सुरू केला. या प्रचाराला उत्तर देण्याची निकड निर्माण झाली. ध्वजाच्या निर्मितीमागे भावनेइतकाच हा व्यावहारिक राजकीय पेचही होता.

मे १८०३ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सच्या उत्तरेस असलेल्या आर्काए या किनारी गावी बंडखोर सेनानींची परिषद भरली. तेथे देसालिनचे सर्वोच्च नेतृत्व मान्य झाले. परंपरेनुसार १८ मे रोजी देसालिनने तिरंगा हाती घेऊन त्यातील मधला पांढरा पट्टा फाडून टाकला आणि उरलेले निळा व लाल हे पट्टे कातरीन फ्लों या तरुणीने एकत्र शिवले. ती देसालिनची धर्मकन्या होती, असेही सांगितले जाते. नव्या ध्वजावर ‘स्वातंत्र्य किंवा मृत्यू’ हे ब्रीद होते.

निळा रंग कृष्णवर्णीयांचा आणि लाल रंग मिश्रवर्णीयांचा, तर फाडलेला पांढरा रंग गोऱ्या वसाहतवाल्यांचा, असा या कृतीचा अर्थ लावला जातो. वास्तविक फ्रान्समध्ये पांढरा रंग राजघराण्याशी निगडित होता; वर्णाशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजेच हैतीच्या लोकांनी केवळ एक पट्टा काढला नाही. उरलेल्या दोन रंगांना त्यांनी स्वतःचा अर्थ दिला. कापड फ्रेंच राहिले, अर्थ हैतीचा झाला. यादवी युद्धात एकमेकांचे रक्त सांडलेल्या दोन समाजघटकांना एका शिवणीने जोडणारी ही कल्पना होती. ध्वजाचे मर्म फाडण्यात जितके आहे, तितकेच ते शिवण्यातही आहे.

कातरीन फ्लोंच्या कथेला समकालीन कागदपत्रांपेक्षा लोकस्मृतीचा आधार अधिक आहे. तरीही त्या कथेचे सामाजिक मूल्य कमी होत नाही. सेनानींच्या इतिहासात स्त्रियांची नावे क्वचितच येतात. या कथेने राष्ट्रनिर्मितीच्या मध्यवर्ती क्षणी एका स्त्रीला स्थान दिले. तिचे ध्वज शिवतानाचे चित्र हैतीच्या दहा गूर्दच्या चलनी नोटेवरही छापले गेले होते.

आर्काएनंतर सहाच महिन्यांनी, १८ नोव्हेंबर १८०३ रोजी, व्हेर्त्येर येथील लढाईत रोशाँबोच्या फ्रेंच सैन्याचा निर्णायक पराभव झाला. १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव्ह येथे स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि फ्रेंच नाव टाकून देऊन बेटाच्या मूळ तायनो रहिवाशांच्या भाषेतील ‘हैती’, म्हणजे पर्वतांची भूमी, हे नाव स्वीकारण्यात आले. इतिहासकार मिशेल-रॉल्फ त्रुयो यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, ही क्रांती घडत असतानाही युरोपीय विचारविश्वाला ती कल्पनातीत वाटत होती. गुलाम स्वतःचे राष्ट्र घडवू शकतात हेच ज्यांना मान्य नव्हते, त्यांच्यासमोर स्वतंत्र ध्वज उभारणे ही कृती म्हणूनच असाधारण ठरते.

निळा की काळा : रंगांचा संघर्ष :

स्वातंत्र्यानंतर देसालिन सम्राट झाला. १८०५ च्या राज्यघटनेने राष्ट्रीय रंग काळा आणि लाल असे ठरविले. काळा मृत्यूचा आणि लाल स्वातंत्र्याचा, असा त्यांचा अर्थ सांगितला जातो. याच घटनेने एक विलक्षण तरतूद केली : एकाच कुटुंबाच्या लेकरांमधील वर्णभेद नष्ट व्हावेत, म्हणून सर्व हैतीवासी यापुढे ‘कृष्णवर्णीय’ याच एका नावाने ओळखले जातील. येथे १८०४ च्या पूर्वार्धात देसालिनच्या आदेशाने उरलेल्या फ्रेंच गोऱ्यांची सामूहिक हत्या झाली होती, हे सत्य दृष्टीआड करता येत नाही. परंतु नागरिकत्व मिळालेल्या गोऱ्या स्त्रिया, तसेच तेथे स्थायिक झालेले पोलिश आणि जर्मन लोक यांना याच घटनेने हैतीवासी म्हणून मान्यता दिली आणि तेही कायद्याच्या भाषेत ‘कृष्णवर्णीय’ ठरले. ‘काळा’ हा शब्द येथे कातडीच्या रंगापेक्षा नागरिकत्वाचा निदर्शक झाला. ध्वजातील काळ्या रंगाकडेही याच प्रकाशात पाहावे लागते.

१७ ऑक्टोबर १८०६ रोजी देसालिनची हत्या झाली आणि देश दुभंगला. उत्तरेत आंरी क्रिस्तोफने काळा-लाल ध्वज चालू ठेवला. १८११ मध्ये तो राजा झाला. दक्षिणेत पेतियाँच्या प्रजासत्ताकाने निळा-लाल ध्वज स्वीकारला. मात्र पट्टे उभ्याऐवजी आडवे केले आणि मध्यभागी राजचिन्ह ठेवले. १८२० मध्ये क्रिस्तोफच्या मृत्यूनंतर ब्वाये याने देश पुन्हा एक केला आणि निळा-लाल ध्वज सर्वत्र आला. १८२२ ते १८४४ या काळात बेटाच्या पूर्व भागावरही हैतीची सत्ता होती. १८४४ मध्ये स्वतंत्र झालेल्या डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा ध्वजही निळा व लालच आहे. फक्त त्यात पांढरा क्रूस आहे. एकाने फाडून टाकलेला पांढरा रंग शेजाऱ्याने वेगळ्या, धार्मिक अर्थाने परत आणला, हा या बेटाच्या इतिहासातील लक्षणीय विरोध म्हणावा लागेल.

काळ्या-लाल ध्वजाचे पुनरागमन विसाव्या शतकात झाले. १९५७ मध्ये सत्तेवर आलेल्या फ्रांस्वा दुवालिए याने १९६४ मध्ये नवी घटना करून स्वतःला तहहयात राष्ट्राध्यक्ष बनविले आणि त्याच वर्षी काळा-लाल ध्वज लागू केला. सत्ता व संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या मिश्रवर्णीय उच्चभ्रूंच्या हाती राहिली, ही बहुसंख्य कृष्णवर्णीयांची तक्रार निराधार नव्हती. दुवालिएने त्या तक्रारीचा उपयोग करून देसालिनचा वारसा आपल्या नावावर घेतला. प्रत्यक्षात मात्र त्या ध्वजाखाली ‘ताँताँ माकूत’ या खासगी सशस्त्र दलाची दहशत आणि हजारोंच्या हत्या घडल्या. बळी पडलेल्यांत कृष्णवर्णीय शेतकरीही होते. हैतीचे अभ्यासक डेव्हिड निकल्स यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, हैतीमध्ये भूतकाळाचे लेखनच वर्णाच्या राजकारणाचे हत्यार झाले होते. मिश्रवर्णीय आणि कृष्णवर्णीय पक्षांनी आपापले वीरपुरुष आणि आपापला इतिहास रचला. ध्वजाचा वाद हे त्याचेच दृश्य रूप होय.

७ फेब्रुवारी १९८६ रोजी दुवालिएचा पुत्र झां-क्लोद देश सोडून पळाला. जनतेने त्या राजवटीच्या खुणा ‘देशुकाज’ म्हणजे समूळ उपटण्याच्या मोहिमेत नष्ट केल्या आणि त्याच महिन्यात निळा-लाल ध्वज परत आला. मार्च १९८७ मध्ये सार्वमताने मंजूर झालेल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात त्याचे वर्णन नोंदविले आहे. एखाद्या हुकूमशाहीचा अंत ध्वजबदलाने साजरा व्हावा, यातून हैतीच्या जनमानसातील ध्वजाचे स्थान स्पष्ट होते.

राजचिन्हाचा अर्थ :

सध्याच्या ध्वजात वर निळा व खाली लाल असे समान आडवे पट्टे असून शासकीय ध्वजाच्या मध्यभागी पांढऱ्या चौकोनात राजचिन्ह असते. त्यात ताडवर्गीय ‘रॉयल पाम’ वृक्ष, त्याच्या शेंड्यावर स्वातंत्र्याची टोपी आणि बुंध्याभोवती तोफा, बंदुका, ध्वज, नगारा अशी युद्धसामग्री दिसते. खाली ‘एकीतच बळ आहे’ या अर्थाचे फ्रेंच वाक्य असते. तोफा कोणावर आक्रमण करण्यासाठी नाहीत. मिळालेले स्वातंत्र्य पुन्हा हिरावले जाऊ नये यासाठी त्या आहेत. गुलामगिरी परत आणण्याचा प्रयत्न ज्यांनी एकदा अनुभवला, त्यांना ही सावधता अनाठायी वाटली नाही.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. एकीचा संदेश देणारे हे वाक्य फ्रेंच भाषेत आहे, तर देशातील जवळजवळ सर्व जनतेची बोली क्रेओल आहे. ग्रामीण जनतेला हैतीमध्ये ‘मून आंदेयो’, म्हणजे ‘बाहेरची माणसे’, असे म्हटले जात असे. ज्यांच्या कष्टावर राज्य उभे होते, तेच राज्यकारभाराच्या बाहेर राहिले. १९८७ च्या घटनेने क्रेओल ही सर्व हैतीवासीयांना जोडणारी भाषा असल्याचे मान्य करून तिला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा दिला. परंतु ध्वजावरील वाक्य फ्रेंचच राहिले. ध्वजाने दिलेले एकीचे वचन अद्याप अपूर्ण आहे, याची ही छोटी पण बोलकी खूण होय.

परकीय सत्ता आणि ध्वजाचा सन्मान :

स्वातंत्र्य मिळूनही हैतीला जगाने सहजासहजी स्वीकारले नाही. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने युद्धनौका पाठवून मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. ज्यांना गुलाम केले होते त्यांनीच पूर्वीच्या मालकांना भरपाई द्यावी, असा हा व्यवहार होता. १८३८ मध्ये ही रक्कम कमी करण्यात आली. तथापि तिच्यासाठी काढलेल्या कर्जांचा बोजा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राहिला. एप्रिल २०२५ मध्ये या घटनेला दोनशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी या प्रश्नाच्या अभ्यासासाठी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी हैतीला मान्यता दिली ती १८६२ मध्ये.

अशा परिस्थितीत ध्वजाचा मान हा राष्ट्राच्या अस्तित्वाचाच प्रश्न बनला. १८७२ मध्ये जर्मन व्यापाऱ्यांच्या थकबाकीसाठी कप्तान बाट्श याने हैतीच्या युद्धनौका ताब्यात घेतल्या. रक्कम मिळाल्यावर नौका परत केल्या त्या वेळी त्यांवरील ध्वज विटाळलेला होता, ही कटू आठवण हैतीमध्ये आजही सांगितली जाते. ६ सप्टेंबर १९०२ रोजी गोनाईव्हच्या बंदरात जर्मन नौकेने शरणागतीची मागणी केली, तेव्हा नौसेनापती हॅमरटन किलिक याने आपली ‘क्रेत-आ-पियेरो’ ही नौका स्फोटाने उडवून देऊन तिच्याबरोबर मरण पत्करले. त्याने शेवटच्या क्षणी राष्ट्रध्वज अंगाभोवती गुंडाळला होता, असे परंपरा सांगते. वस्तुतः किलिक हा त्या वेळच्या सरकारविरुद्धच्या बंडात सामील होता. तरीही त्याचे स्मरण राष्ट्रवीर म्हणून होते. सरकार आणि ध्वज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा हैतीच्या जनतेचा विवेक यातून दिसतो.

१९१५ ते १९३४ या काळात हैतीवर अमेरिकेचा लष्करी ताबा होता. या ताब्याविरुद्ध लढणाऱ्या ‘काको’ शेतकरी बंडखोरांचा नेता शार्लमान्य पेराल्त १९१९ मध्ये मारला गेला. लोकांना जरब बसावी म्हणून त्याचा देह दाराला बांधून छायाचित्र काढण्यात आले आणि त्याच्या प्रती वाटण्यात आल्या. परिणाम उलटा झाला. क्रूसावरील ख्रिस्ताची आठवण करून देणारी ती प्रतिमा हुतात्म्याची प्रतिमा ठरली. पुढे फिलोमे ओबँ या चित्रकाराने तिच्यावरून प्रसिद्ध चित्र रंगविले. ऑगस्ट १९३४ मध्ये अमेरिकन सैन्य परतले, तेव्हा ‘दुसरे स्वातंत्र्य’ म्हणून तो क्षण साजरा झाला.

याच संदर्भात एक शांततापूर्ण प्रसंगही उल्लेखनीय आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हैती आणि लिख्टेनस्टाइन या दोन देशांचे निळे-लाल ध्वज सारखेच असल्याचे आढळले. त्यानंतर १९३७ मध्ये लिख्टेनस्टाइनने आपल्या ध्वजात मुकुट घातला. एका बाजूला राजमुकुट आणि दुसऱ्या बाजूला स्वातंत्र्याची टोपी, असा भेद त्यामुळे निर्माण झाला. हैतीची भूमी इतरांच्या ध्वजांनाही आश्रय देणारी ठरली, हेही विसरता येणार नाही : व्हेनेझुएलाचा तिरंगी ध्वज फ्रान्सिस्को दे मिरांडाने १२ मार्च १८०६ रोजी प्रथम उभारला तो हैतीच्या जाकमेल बंदरात.

लोकजीवन आणि व्होदू परंपरा :

हैतीमध्ये ‘द्रापो’ हा क्रेओल शब्द राष्ट्रध्वजासाठी वापरतात, तसाच तो व्होदू या लोकधर्मातील विधिध्वजांसाठीही वापरतात. व्होदूच्या मंदिरांत ध्वजांची जोडी विधीच्या प्रारंभी बाहेर काढली जाते. तलवारधारी सेवकाच्या मागे ध्वजवाहक चालतात, देवतांना व मान्यवरांना वंदन केले जाते. लष्करी संचलनाची छाया या विधीवर स्पष्ट दिसते. ओगू ही लोखंडाची आणि युद्धाची देवता. तिच्याशी लाल रंग जोडलेला आहे. १७९१ च्या उठावापूर्वी बुआ काइमां येथे झालेला व्होदू विधी राष्ट्रीय स्मृतीत क्रांतीचा प्रारंभ मानला जातो. त्यामुळे अनेक श्रद्धाळूंच्या दृष्टीने राष्ट्रध्वजाचे रंग आणि देवतांचे रंग हे परस्परांपासून वेगळे नाहीत.

मणी आणि टिकल्यांनी मढविलेले हे विधिध्वज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलावस्तू म्हणून जगभर पोहोचले. मिर्लांद काँस्ताँ या कलावतीने विवाहवस्त्रांच्या कारखान्यात शिकलेली मणिकामाची पद्धत या ध्वजांसाठी वापरली. २०२२ च्या व्हेनिस बिएनालेमध्ये तिच्या कलाकृती प्रदर्शित झाल्या. सुईदोऱ्याने राष्ट्र जोडणाऱ्या कातरीन फ्लोंची परंपरा अशा रीतीने वेगळ्या क्षेत्रात जिवंत राहिली आहे.

१८ मे हा दिवस हैतीमध्ये ध्वजदिन तसेच विद्यापीठ दिन म्हणून साजरा होतो. शाळांचे संचलन, वाद्यवृंद, निळ्या-लाल रंगांची वस्त्रे हे त्या दिवसाचे नेहमीचे दृश्य असते. ध्वज आणि शिक्षण यांची ही सांगड अध्यापकांनी लक्षात घ्यावी अशी आहे. गुलामाला अक्षरओळख नाकारणाऱ्या व्यवस्थेतून जन्मलेल्या राष्ट्राने ध्वजाचा दिवसच विद्येचा दिवस मानला.

स्थलांतरितांच्या जीवनातील ध्वज :

दुवालिए राजवटीपासून हैतीमधून मोठ्या प्रमाणावर स्थलांतर झाले. न्यूयॉर्क, मायामी, बोस्टन, माँट्रियल येथे हैतीवासीयांच्या मोठ्या वसाहती आहेत. १९८३ मध्ये अमेरिकेच्या आरोग्ययंत्रणेने एड्सच्या जोखीमगटांत हैतीवासीयांचा सरसकट समावेश केला. एखाद्या वर्तनाऐवजी राष्ट्रीयत्वच रोगाचे कारण ठरविणारा हा निर्णय १९८५ मध्ये मागे घेण्यात आला. परंतु तोपर्यंत लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि शाळांतील मुलांवर आपली ओळख लपविण्याची पाळी आली होती. १९९० मध्ये हैतीवासीयांच्या रक्तदानावर बंदी घालणारे धोरण आले, तेव्हा २० एप्रिल रोजी हजारो लोकांनी ब्रुकलिन पुलावरून मोर्चा काढला. ते धोरणही त्याच वर्षी रद्द झाले.

या पार्श्वभूमीवर १९९७ च्या ग्रॅमी पुरस्कार समारंभात वाइक्लिफ झां या हैतीत जन्मलेल्या गायकाने अंगावर राष्ट्रध्वज पांघरणे, ही साधी हौस नव्हती. जी ओळख लपवावी लागत होती, ती सर्वांसमोर मिरविण्याचे ते धैर्य होते. आज मे महिन्यात अमेरिकेतील अनेक शहरांत हैतीच्या वारशाचे कार्यक्रम होतात आणि तेथे जन्मलेली, कदाचित हैती कधीही न पाहिलेली पिढी निळा-लाल ध्वज हाती घेते. मातृभूमीशी तिचे नाते या ध्वजाच्या द्वारेच टिकून आहे.

वर्तमान परिस्थिती :

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपात राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद कोसळला. ७ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची हत्या झाली. २०२४ पासून राजधानीचा बहुतेक भाग सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात गेला आणि २०२५ मध्ये देशांतर्गत विस्थापितांची संख्या तेरा लाखांहून अधिक झाली. ज्या राज्याचे हे चिन्ह, ते राज्यच खिळखिळे झाले असता चिन्हाला काय अर्थ उरतो, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

या प्रश्नाचे एक उत्तर क्रीडांगणावर मिळाले. राष्ट्रीय फुटबॉल संघाला असुरक्षिततेमुळे स्वतःच्या देशात सामने खेळता येत नव्हते. तरीही १८ नोव्हेंबर २०२५ रोजी कुरासाव बेटावर निकाराग्वाचा २-० असा पराभव करून हैती २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. तो दिवस व्हेर्त्येरच्या विजयाचा वर्धापनदिन होता. यापूर्वी हैती विश्वचषकात खेळला होता तो १९७४ मध्ये. तेव्हा देशाचा अधिकृत ध्वज दुवालिएचा काळा-लाल होता. दोन्ही वेळी लोकांनी जल्लोष केला. परंतु या वेळी भीतीच्या छायेतील नागरिक आपणहून रस्त्यावर आले आणि त्यांच्या हाती १८०३ चे रंग होते.

निष्कर्ष :

१) हैतीचा ध्वज शत्रूच्या ध्वजातून निर्माण झाला, तथापि तो केवळ नकाराचे प्रतीक नाही. पांढरा पट्टा फाडणे आणि उरलेले दोन पट्टे शिवणे या दोन्ही कृती मिळून त्याचा अर्थ पूर्ण होतो.

२) निळा-लाल आणि काळा-लाल यांतील संघर्ष हा ‘राष्ट्र कोणाचे ?’ या प्रश्नाचा संघर्ष आहे. काळ्या रंगाने बहुसंख्यांच्या न्याय्य तक्रारीला वाचा दिली. परंतु हुकूमशहाने तो रंग आपल्या दहशतीसाठी वापरला. कोणताही रंग स्वतः न्याय देत नाही, हे यातून सिद्ध होते.

३) हैतीची जनता ध्वज आणि सरकार यांत भेद करते. सरकारे कोसळली, प्रासाद पडले, तरी ध्वजावरील निष्ठा ढळली नाही. कारण ती निष्ठा राज्यकर्त्यांवर नसून १८०३ मध्ये गुलामांनी केलेल्या माणूसपणाच्या घोषणेवर आहे.

४) ‘एकीतच बळ आहे’ हे ध्वजावरील वचन ग्रामीण, क्रेओल बोलणाऱ्या आणि विस्थापित जनतेच्या बाबतीत अद्याप पूर्ण झालेले नाही. ध्वजाचा खरा सन्मान ते वचन पूर्ण होण्यातच आहे.

राष्ट्रध्वज भूतकाळाचा अभिमान जागवितो, त्याचप्रमाणे तो वर्तमानाकडे हिशेबही मागतो. हैतीच्या ध्वजाचे महत्त्व या दुहेरी भूमिकेत सामावलेले आहे. आर्काए येथे घातलेली शिवण दोनशेहून अधिक वर्षे अनेकदा ताणली गेली, काही वेळा उसवलीही. ती पुन्हा घालण्याचे काम प्रत्येक पिढीच्या वाट्याला आले आहे.